मोबाइल ओळंब्यात धरा, अंगण नंतर कापा

कोकणातली जुनी घरं झपाट्याने जात आहेत. वाटण्या होतात, कौलं उतरतात आणि चिऱ्याच्या भिंतींच्या जागी स्लॅबचं घर उभं राहतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात कितीतरी घरांची छपरं गेली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. घर गेल्यावर उरतो तो मोबाइलमधला फोटो, आणि असे फोटो बघताना मला हळहळ वाटते. घर जणू मागे रेललेलं असतं. भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, माडी चेपलेली दिसते, देऊळ असेल तर शिखर पाठीमागे कलतं. ती भिंत खरोखरच कलली होती की फोटोने कलवली, हे वीस वर्षांनी फोटो बघणाऱ्याला कसं कळणार?

यावर सर्रास ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘वाइड लेन्समुळे असं होतं’. ते चूक आहे. लेन्स कितीही वाइड असला तरी मोबाइल ओळंब्यात, म्हणजे गवंडी भिंत तपासतो तसा बरोबर उभा धरला, तर फोटोत उभ्या भिंती उभ्याच येतात. शिखर मावत नाही म्हणून आपण मोबाइल वर उचलतो आणि सगळं बिघडतं ते तिथे. उपाय सोपा आहे. मोबाइल उभा, सरळ धरायचा, शिखर मावेपर्यंत मागे जायचं, खालचा निम्मा फोटो अंगणाने भरला तर भरू द्यायचा आणि नंतर ते अंगण कापून टाकायचं. फोटो कापणं ही नंतरची सजावट आहे असं आपण समजतो. जुन्या इमारतीच्या फोटोत मात्र ती आधीपासून ठरवून करायची गोष्ट आहे, आणि त्यामागची भूमिती इतकी देखणी आहे की तिच्यावर थोडं थांबायलाच हवं.

एक उदाहरण घेऊ. राजपुरीहून होडीने जंजिऱ्याला जाताना आपण तटाच्या अगदी जवळ पोचतो. तट सुमारे ४० फूट उंच, हिशेबाला १२ मीटर धरू. होडी तटापासून १० मीटरवर आहे आणि मोबाइल पाण्यापासून दीड मीटर उंचीवर. तटाचा समोरचा भाग तुमच्यापासून १० मीटरवर आहे, पण वरची कड तिरक्या अंतराने साडेचौदा मीटरवर. लांबची वस्तू लहान दिसते, हे तर लहान मूलही सांगेल. मग तटाची वरची कड फोटोत लहान, म्हणजे अरुंद यायला नको का?

मोबाइल सरळ धरला असेल तर ती अरुंद येत नाही. कारण असं. कॅमेऱ्यात वस्तूची प्रतिमा किती मोठी पडणार हे दोन अंतरांच्या गुणोत्तरावर ठरतं: लेन्सपासून सेन्सरवर (लेन्सच्या मागे प्रतिमा टिपणाऱ्या सपाट तुकड्यावर) ती प्रतिमा पडते त्या बिंदूपर्यंतचं अंतर भागिले लेन्सपासून वस्तूपर्यंतचं अंतर. तटाच्या वरच्या कडेकडून येणारा प्रकाश लेन्समधून तिरका आत जातो आणि सेन्सरच्या मध्यावर न पडता कडेला पडतो. त्यामुळे बाहेर जसं त्याचं अंतर समोरच्या भागापेक्षा १.४५ पट आहे, तसंच आतलं अंतरही बरोबर १.४५ पट होतं. वरचा आकडा १.४५ पट, खालचाही १.४५ पट. भागाकार तोच राहतो. दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण आठवा. इथे दुसरं काहीही नाही. भिंत आणि सेन्सर एकमेकांना समांतर असतील तर भिंतीवरचा प्रत्येक दगड, तो पायाशी असो की माथ्याशी, एकाच प्रमाणात उतरतो. लांबची वस्तू लहान दिसते या नियमात ‘लांब’ म्हणजे सेन्सरच्या पातळीपासून काटकोनात मोजलेलं अंतर. सरळ धरलेल्या मोबाइलसाठी तटाचा पाया आणि माथा दोन्ही १० मीटरवरच आहेत.

आता तोच मोबाइल २० अंश वर उचला. सेन्सर कलला, तट कलला नाही, समांतरपणा गेला. कललेल्या अक्षावर, म्हणजे लेन्स ज्या दिशेला रोखलेला आहे त्या सरळ रेषेवर, मोजलं तर पाया ८.९ मीटरवर येतो आणि माथा १३ मीटरवर. म्हणजे पायाशी जी रुंदी १०० पिक्सेल भरते, तीच माथ्याशी ६८ भरेल. हे झालं आडवं. उभं माप त्याहून वाईट बिघडतं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उभी मापं या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात आक्रसतात. तळाचा दगडाचा थर फोटोत १०० पिक्सेल जाड आला, तर तितक्याच जाडीचा सर्वांत वरचा थर येईल ४७ पिक्सेल. निम्म्यापेक्षाही कमी! फोटोत माडी चेपलेली का दिसते, त्याचं कारण हे आहे. चिऱ्याच्या घराचा फोटो मोठा करून थर मोजून बघा. चिरे साधारण एका मापाचे असतात, त्यामुळे ही तपासणी घरबसल्या होते: वरचे थर बारीक होत गेले असतील तर मोबाइल कललेला होता.

डोळ्यांना हे का जाणवत नाही? आपण मान वर केली आहे हे मेंदूला ठाऊक असतं आणि तो त्याचा हिशेब वळता करून घेतो. फोटो मात्र आपण मान सरळ ठेवून बघतो, आणि तो हिशेब राहून जातो.

म्हणून मागे जायचं. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा उभा धरला की मध्यापासून वर, अंतराच्या साधारण ७० टक्के उंची मावते. त्यात मोबाइलची स्वतःची उंची मिळवा. १२ मीटरच्या इमारतीसाठी १५ मीटर मागे: १५चे ७० टक्के साडेदहा, अधिक दीड, बारा. माथ्यावर थोडं आकाश हवं असेल तर आणखी दीडदोन मीटर. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यासारख्या, समोर मोकळी जागा असलेल्या इमारतीला हे सहज जमतं. १५ मीटरवरून घेतलेल्या फोटोत खालचा ४३ टक्के भाग नुसती जमीन असेल. ती कापली की १२ मेगापिक्सेलच्या फोटोतले जवळपास ७ मेगापिक्सेल उरतात. त्याची दहा बाय साडेसात इंचांची उत्तम छपाई होते, म्हणजे भिंतीवर लावायला भरपूर.

पूर्वीच्या लाकडी, भात्याच्या कॅमेऱ्यांत हेच काम वेगळ्या तऱ्हेने व्हायचं. लेन्स बसवलेली फळी वर सरकवता यायची, फोटो जिच्यावर उमटतो ती काच मात्र उभीच राहायची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निकॉनने लहान कॅमेऱ्यासाठीही असा सरकणारा लेन्स काढला. आजही असे लेन्स मिळतात आणि चांगलेच महाग असतात. त्यांच्या आत घडतं ते इतकंच: लेन्स मोठी गोल प्रतिमा पाडतो आणि सेन्सर त्यातला वरचा तुकडा उचलतो. आपण अंगण कापतो तेव्हा तेच करतो, फुकट.

‘ॲपमध्ये नंतर सरळ करता येतं की’ असं कुणी म्हणेल. करता येतं, पण वरचा जो थर ४७ पिक्सेलांत आला तो ताणून १०० केला म्हणून त्यातली नक्षी परत येत नाही. शिवाय उंची-रुंदीचं प्रमाण ॲप बऱ्याचदा अंदाजाने ठरवतं. हल्ली ‘एआय’ लावून जुनी घरं झळझळीत करून देणारी ॲप निघाली आहेत. ती गेलेल्या खिडकीच्या जागी स्वतःच्या मनातली खिडकी काढतात. आजोळच्या घराच्या बाबतीत मला हे मान्य नाही.

मोबाइल सरळ आहे हे कसं ओळखायचं? कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड असते, ती चालू करा आणि भिंतीच्या कडा तिच्या उभ्या रेघांना समांतर येतात का बघा; लेव्हल बऱ्याचदा फक्त डावीउजवीकडचा कल दाखवते. पण कोकण किनाऱ्यावर याहून चांगली सोय आहे: समुद्र. मागे समुद्राचं क्षितिज दिसत असेल तर ते नेहमी तुमच्या लेन्सच्या पातळीवर असतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारा फरक दीड मीटर उंचीवरून जेमतेम २ कला, म्हणजे एका अंशाचा तिसावा भाग; तो सोडून द्या. क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की मोबाइल ओळंब्यात आला. पश्चिमेला समुद्र असल्याने असे फोटो सकाळी घ्यावेत, ऊन आपल्या पाठीशी आणि इमारतीच्या तोंडावर असतं.

इथे फोटोग्राफीच्या वर्गात शिकलेले थबकतात, कारण त्यांना शिकवलेलं असतं की क्षितिज मध्यावर कधी ठेवू नये, ते वरच्या किंवा खालच्या तृतीयांशावर असावं. हा तिसऱ्या भागाचा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली मांडला, आणि निसर्गचित्रासाठी तो सोयीचा आहे. त्याच्याशी भांडण नाही. फोटो घेताना क्षितिज मध्यावर ठेवा. खालचं अंगण किंवा पुळण कापली की ते आपोआप खाली उतरतं.

भांडण आहे ते १.६१८ या आकड्याच्या भक्तीशी. एखाद्या देवळाच्या फोटोवर सोनेरी वेटोळं काढून ‘आपल्या पूर्वजांना सुवर्ण गुणोत्तर माहीत होतं’ असा संदेश फिरत असतो. सुवर्ण गुणोत्तर गणितात खरं आहे. नियमित पंचकोनाच्या कर्णाला बाजूने भागलं की ते मिळतं. पण त्या फोटोत मोबाइल वर उचललेला असतो, आणि उचललेल्या फोटोत उंची-रुंदीची मापं किती बिघडतात ते आपण वर पाहिलं. बिघडलेल्या मापांतून, जाड रेघेने, सोयीचे कोपरे निवडून काढलेलं गुणोत्तर स्थपतीबद्दल काहीच सांगत नाही. देवळाच्या कारागिरांचं कौतुक करायला त्यांनी खरोखर केलेलं काम पुरेसं आहे.

मागे जायला जागाच नसेल तर? कोकणात हे नेहमीचं. मागे गडगा, त्यापलीकडे माड. अशा वेळी मोबाइलमधला ०.५चा अल्ट्रावाइड, म्हणजे सर्वांत जास्त परिसर मावणारा लेन्स, वापरा, पण तोही सरळच धरा. १० मीटरवरून त्यात जवळपास १५ मीटर उंची मावते. त्याची किंमत कडांना मोजावी लागते. भिंतीवरच्या सपाट गोष्टी बरोबर उतरतात, पण गोल, भरीव वस्तू चौकटीच्या कडेला ओढल्या जातात. अक्षापासून ४६ अंशांवरचा गोल कळस फोटोत रुंदीच्या १.४५ पट लांब येतो. कडेला उभे असलेले काका जाड दिसतात तेही याचमुळे. माणसं मध्यावर उभी करा.

दीपमाळेचा फोटो घ्याल तेव्हा तर हे सगळं विशेष सांभाळा. दीपमाळ मुळातच वर निमुळती होत जाते. मोबाइल उचललात की गवंड्याने दिलेला निमुळतेपणा आणि मोबाइलने घातलेला, दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. सरळ धरलात तर तिची उंचीसुद्धा फोटोवरून काढता येते. दीपमाळ आणि तुम्ही एकाच सपाटीवर आहात, मागे समुद्र आहे आणि मोबाइल जमिनीपासून दीड मीटरवर आहे असं समजा. क्षितिजाची रेघ दीपमाळेला बरोबर दीड मीटरवर छेदेल. ती रेघ फोटोतल्या दीपमाळेच्या एकूण उंचीच्या एक षष्ठांशावर आली, तर दीपमाळ ९ मीटरची. टेप नको, शिडी नको.

फोटोवरून इमारत मोजण्याची ही कल्पना जुनी आहे. १८५८ साली अल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण जर्मन स्थापत्यकार वेट्झलरच्या चर्चची मापं घेताना वरून पडता पडता वाचला, आणि जिवावर उदार होऊन चढण्यापेक्षा फोटोवरूनच मापं काढता येतील, असं त्याच्या मनात आलं. १८८५ साली त्याच्या प्रयत्नांतून बर्लिनमध्ये या कामासाठी सरकारी संस्था उभी राहिली. तिथे घेतलेले फोटो पुढे महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा बांधताना उपयोगी पडले. त्याच्या कॅमेऱ्यात काच ओळंब्यात उभी असायची आणि तिच्यासमोर उभ्या-आडव्या तारा ताणलेल्या असायच्या, म्हणजे प्रत्येक फोटोवर क्षितिजाची आणि मध्याची खूण आपोआप उमटायची.

ही मध्याची खूण महत्त्वाची आहे, कारण वरचा सगळा हिशेब मध्यापासून चालतो. अंगण कापलेल्या फोटोत तो मध्य हरवतो; कापलेल्या चौकटीचा मध्य हा लेन्सचा मध्य नव्हे. म्हणून कापायची ती प्रत. मूळ फोटो न कापता ठेवा. प्रत कापतानाही जोत्याच्या खाली हातभर जमीन राहू द्या, कारण भिंत जिथे जमिनीला टेकते तिथेच ओल, खचणं आणि दुरुस्तीच्या खुणा दिसतात. ज्ञात लांबीची एखादी काठी भिंतीला टेकवून एक फोटो जास्तीचा घ्या. आणि नातेवाइकांना मूळ फाइल पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि लेन्सची, तारखेची नोंद त्यातून पुसली जाते.