गोवर आणला कुणी?

गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, मासेमारी सुरू झाली की हर्णै-मिरकरवाड्याला बोटींवर बाहेरचे खलाशी येतात, आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार राहतात. अशा वेळी वाडीतल्या एखाद्या पोराला ताप भरला, अंगावर लाल पुरळ उठलं आणि तो गोवर निघाला, की 'आणला कुणी?' असं विचारलं जातंच. बोट बहुतेकदा खलाशाकडे जातं, सांताक्रूझहून आलेल्या आपल्याच भाच्याकडे नाही.

मुळात हिशोब लावणंच अवघड. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल गोवर पसरवत असतं. म्हणजे गौरी-गणपतीत झालेला संसर्ग उघड होतो, तोवर पाहुणे केव्हाच परतलेले असतात. माणसांच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा विषाणूलाच विचारलेलं बरं.

गोवराच्या विषाणूचा जनुकीय मजकूर म्हणजे सुमारे १५,९०० 'अक्षरां'ची आरएनएची एक साखळी. तिची नक्कल होताना चुका राहतात आणि त्या पुढच्या नकलांत उतरतात. प्रयोगशाळा सहसा त्यातली ४५० अक्षरंच वाचते, 'एन' या जनुकाच्या शेवटाकडची. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूचे २४ जनुकीय प्रकार ठरवले आहेत. शिवाय प्रत्येक नमुन्याला गाव, देश, आठवडा आणि वर्ष असलेलं नाव मिळतं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था ही गोवर तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या जागतिक जाळ्यातली एक आहे.

प्रकार कुठलाही असो, उपचार बदलत नाहीत आणि लसही तीच चालते. आपल्याकडच्या लशीतला विषाणू १९५४ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाकडून मिळालेल्या विषाणूचा वंशज आहे. तो 'ए' प्रकारचा, तरी सगळ्यांना पुरून उरतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? गोवराचं निर्मूलन झालं असं म्हणायचं, तर देशात संसर्गाची एकच साखळी बारा महिने किंवा त्याहून जास्त चालू राहिलेली नसावी लागते. बाहेरून पुन्हा पुन्हा आलेला गोवर वेगळा आणि इथेच मुरलेला वेगळा. ताप-पुरळ दोन्हीकडे सारखंच, फरक दिसतो तो अक्षरांत.

पण हे हत्यार आता बोथट होत चाललंय, आणि तेही लसीकरणाच्या यशामुळे. पूर्वी भारतात डी-४, डी-८ असे प्रकार दिसत. जगभर लसीकरण वाढलं तसे एकेक प्रकार दिसेनासे झाले आणि २०२१ पासून जवळजवळ सगळीकडून बी-३ आणि डी-८ हे दोनच कळतात. अख्खी वाडी एकाच आडनावाची असली की पोस्टमनला बापाचं नाव लागतं, तसं झालंय. ४५० अक्षरांत कित्येक महिने एकही बदल होत नाही. मग मुंबईचा डी-८ आणि रत्नागिरीचा डी-८ जुळले, तरी कोण कुणाकडून आला ते कसं सांगणार? त्यासाठी 'एम' आणि 'एफ' जनुकांमधला हजारेक अक्षरांचा, जास्त बदलणारा तुकडा किंवा संपूर्ण मजकूर वाचावा लागतो. त्याला पैसा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

आणि त्याआधी विषाणू हाती तर लागायला हवा! गोवर झालाय एवढं रक्ताच्या तपासणीत कळतं. वंश शोधायचा तर घशातला स्वॅब हवा, तोही पुरळ उठल्यापासून शक्यतो आठवड्याच्या आत, आणि थंड ठेवून पाठवलेला. 'अंगावरचं उतरू दे, मग बघू' म्हणणारी घरं अजून कमी नाहीत. आशाताईंच्या कानावर जाईपर्यंत ते दिवस निघून गेलेले असतात.

माझ्या मते या तपासणीचा सगळ्यात रोखठोक उपयोग वेगळाच आहे. नवव्या महिन्यानंतरचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा एमआरचा (गोवर-रुबेला लशीचा) डोस घेतल्यावर काही मुलांना ताप येतो, हलकं पुरळही उठतं. साथ चालू असताना असं झालं, तर तो गोवर की लशीचा परिणाम? स्वॅबमध्ये 'ए' निघाला तर तो लशीतलाच. लशीतला विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे गेल्याची खात्रीशीर नोंद नाही; त्यामुळे त्या पोरासाठी वाडीत घरोघर संपर्क शोधत फिरावं लागत नाही.