रॉडची पॉवर वेगळी, ॲक्शन वेगळी

"मोठा मासा हवाय ना? मग फास्ट रॉड घे." बास जातीचे मासे गरवणाऱ्यांच्या गप्पांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की समोरच्याला मध्येच थांबवतो. मोठा मासा पेलते ती पॉवर. फास्ट ही ॲक्शन. रॉडवर, म्हणजे गरवायच्या काठीवर, मुठीच्या जरा वर हे दोन शब्द शेजारीशेजारी छापलेले असतात, "मीडियम-हेवी, फास्ट" असे, आणि लोक ते एका दमात वाचून टाकतात. मग "फास्ट" म्हणजे "दणकट" आणि "मॉडरेट" म्हणजे "लेचापेचा" असं डोक्यात बसतं, आणि चांगले पैसे मोजून चुकीचा रॉड घरी येतो.

पॉवर बहुतेकांना कळलेली असते. रॉड वाकवायला किती जोर लागतो, एवढंच ते माप. अल्ट्रालाईट, लाईट, मीडियम-लाईट, मीडियम, मीडियम-हेवी, हेवी, एक्स्ट्रा-हेवी. शेजारी लाईन (गळाची दोरी) किती पौंडांची आणि ल्युअर (माशाला भुलवायचं खोटं आमिष) किती औंसांचा तेही दिलेलं असतं. दाट पाणवनस्पतीतून बास ओढून काढायचा तर हेवी, उघड्या पाण्यात बारीक लाईनवर खेळवायचा तर मीडियम किंवा त्याहून हलका. यात फारसं कुणी चुकत नाही.

चुकतात ते ॲक्शनपाशी. रॉड किती वाकतो हे ॲक्शन सांगत नाही, कुठे वाकतो ते सांगते. एक्स्ट्रा-फास्ट रॉड शेंड्याकडच्या साधारण पाव भागात वाकतो आणि त्याखाली ताठ राहतो. फास्ट वरच्या एक तृतीयांशात वाकतो. मॉडरेटमध्ये वाक निम्म्यापर्यंत उतरतो, आणि स्लो रॉड जवळजवळ मुठीपर्यंत कमान होतो. "फास्ट" या शब्दाचा खूप घोटाळा झालाय. त्याचा संबंध ल्युअर किती वेगाने ओढता याच्याशी नाही, रिळाशी तर अजिबात नाही. थोडाच भाग वाकलेला असल्यामुळे शेंडा लगेच सरळ होतो आणि हाताचा झटका चटकन गळापर्यंत पोचतो, म्हणून तो फास्ट.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण माझं हे म्हणणं खोडून काढायला लोक नेमकी तीच पुढे करतात. मोठा मासा जोरात खाली बसला की फास्ट रॉडसुद्धा खोलवर वाकतो. त्यावरून तो मॉडरेट ठरत नाही. ओझं वाढत जाताना वाक आधी कुठे पडतो आणि तिथे किती वेळ टिकतो, त्यावर ॲक्शन ठरते.

आता हे दोन रॉड डोळ्यांपुढे आणा. पहिला मीडियम-हेवी, मॉडरेट: क्रँकबेट नावाच्या खोल जाणाऱ्या ल्युअरचा. पुढची रुंद जीभ पाणी कापत जाते तेव्हा हा ल्युअर हाताला चांगलीच ओढ देतो. हलका रॉड ल्युअरनेच अर्धा वाकून जाईल, म्हणून पॉवर हवीच. दुसरा मीडियम-लाईट, एक्स्ट्रा-फास्ट: ड्रॉप-शॉट या मांडणीचा. वजन तळाशी, त्याच्या वर बारीक तारेचा छोटा गळ, सहा-आठ पौंडांची लाईन, आणि चावा असा की लाईन किंचित जड झाल्यासारखी वाटते, तेवढंच. इथे शेंडा चटकन बोलला पाहिजे, पण मागे जोर नको, नाहीतर लाईन तुटते. म्हणजे पहिला दणकट असून मॉडरेट आणि दुसरा नाजूक असून एक्स्ट्रा-फास्ट. "फास्ट म्हणजे दणकट" असतं तर यातला एकही रॉड कुणी बनवला नसता.

मग क्रँकबेटला मॉडरेटच का? बास ल्युअर दातांनी पकडत नाही. तोंड आणि कल्ले फाकवून तो पाणी आत ओढतो आणि पाण्याबरोबर ल्युअर आत जातो. ल्युअर तर सतत तुमच्याकडे येत असतो. शेंड्यामागचा रॉड ताठ असला तर तोंडात जाता जाता ल्युअर मागे खेचला जातो आणि गळ ओठाच्या कडेला जेमतेम अडकतो. त्यातून क्रँकबेटचा गळ तीन टोकांचा, म्हणजे ट्रेबल. गळाची तार बारीक, तोंड छोटं, धरून धरून किती मांस धरणार? मासा उडी मारून डोकं झाडतो तेव्हा ल्युअरचं वजनच गळ उपटायला मदत करतं. कमान झालेला रॉड प्रत्येक हिसक्याला पुढे जातो, मागे येतो, पण ताण सुटू देत नाही.

जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) किंवा टेक्सस रिगचं गणित बरोबर उलटं. एकच जाड तारेचा गळ, आणि टेक्सस रिगमध्ये त्याचं टोक रबरी किड्याच्या अंगात लपवलेलं. ते टोक आधी रबरातून बाहेर पडायचं आणि मग माशाच्या जबड्यात शिरायचं. यासाठी खणखणीत झटका लागतो आणि तो वाकण्यात खर्ची पडून चालत नाही. इथे फास्टला पर्याय नाही.

हे मला पुरतं पटलं ते एका सकाळी, होडीत. जिगसाठी घेतलेल्या मीडियम-हेवी फास्ट रॉडवर मी क्रँकबेट बांधला होता. लागोपाठ चार मासे लागले आणि चारही सुटले. चौथा होडीपासून हातभर अंतरावर आला होता. सोबती जाळी पाण्यात धरून ओणवा झालेला, माशाने कूस बदलली, डोकं झाडलं, आणि ल्युअर सपकन होडीत येऊन पडला. मागच्या ट्रेबलच्या एका टोकावर ओठाचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ तुकडा चिकटलेला होता. त्या दोन मिलिमीटरांवर मी तो मासा ओढत आणला होता. सोबत्याने जाळी खाली ठेवली, स्वतःचा फायबरग्लासचा मॉडरेट रॉड माझ्या हातात दिला आणि माझा रॉड घेऊन त्यावर जिग बांधायला बसला. दुपारपर्यंत दोघांनाही मासे मिळाले. पॉवर दोन्ही रॉडांची सारखीच होती. होडीत असा सोबती असणं हे मला महागड्या रिळापेक्षा मोलाचं वाटतं.

दोन्ही गुण वेगवेगळे मोजता येतात, हे रॉड बांधणाऱ्या विल्यम हॅनमन यांनी फार छान दाखवून दिलंय. त्यांच्या पद्धतीत रॉड मुठीपाशी आडवा पक्का धरायचा, शेंड्याला छोटी पिशवी अडकवायची आणि तिच्यात अमेरिकी एक सेंटची नाणी टाकत जायचं. १९८२ नंतरचं असं एक नाणं २.५ ग्रॅमचं असतं. रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका शेंडा खाली आला की थांबायचं. किती नाणी लागली ती पॉवर. त्या वेळी शेंड्याचं टोक आडव्या रेषेशी जो कोन करतं ती ॲक्शन. कोन जितका मोठा, तितका रॉड फास्ट. प्रयोग एकच, पण आकडे दोन, आणि एका आकड्यावरून दुसरा काढता येत नाही. ज्यांना माझं बोलणं पटत नाही त्यांनी घरच्या टेबलाच्या कडेला रॉड धरून हे करून बघावं.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. रिळावरचं "फास्ट" म्हणजे गिअर रेशो: ८:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळायची फिरकी, आठ वेळा फिरतं, रॉडशी त्याचा संबंध नाही. रॉड कास्टिंगचा की स्पिनिंगचा हे मुठीवर आणि कड्यांवर नजर टाकली की कळतं. ग्रॅफाईट म्हणजे फास्ट आणि फायबरग्लास म्हणजे स्लो असं सरसकट म्हणू नये. ग्रॅफाईटचे उत्तम मॉडरेट रॉड मिळतात. फायबरग्लास जड असतो, खरं आहे, तरी क्रँकबेटसाठी मी तोच घेईन.

लाईनचं मात्र ध्यानात ठेवायला हवं. ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाईन जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे तीच ॲक्शन तिच्यावर अधिक कडक लागते. मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच धाग्याची लाईन, ताणते आणि फास्ट रॉडलाही थोडं मऊ करते. ट्रेबलचा टॉपवॉटर (पाण्यावर चालणारा) ल्युअर फास्ट रॉडवरच टाकायची वेळ आली तर मी मोनो लावतो. आणि "फ्लोरोकार्बनची लाईन ताणत नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हातभर तुकडा घेऊन एकदा ओढून पाहावा. ताणते, चांगली ताणते.

छापील शब्दांवर फार विसंबू नका. या शब्दांना सगळ्या कंपन्यांना बांधील असं एक माप नाही. एकीचा मीडियम-हेवी दुसरीच्या हेवीइतका ताठ निघतो, एकीचा फास्ट दुसरीच्या मॉडरेट-फास्टसारखा वाकतो. म्हणून रॉड वाकवून बघूनच घ्यावा, पण नीट. शेंडा छताला टेकवून किंवा बोटांत धरून कमान करणाऱ्यांचा मला राग येतो. रॉड तसा वाकायला बनवलेलाच नसतो, आणि पुढे कधीतरी तो तिथेच तुटतो. रीळ लावा, लाईन सगळ्या कड्यांतून ओवा, टोक सोबत्याच्या हातात द्या आणि त्याला चार पावलं पुढे जाऊन हळूहळू ओढायला सांगा. शेंडा तर लगेच वाकेल, त्याकडे बघू नका. नजर रॉडच्या मध्यावर ठेवा. तो लवकर झुकायला लागला तर रॉड मॉडरेट, आणि सोबत्याला बराच जोर लावावा लागेपर्यंत ताठ राहिला तर फास्ट.