दगडात अडकलेलं तेल आणि ते सोडवणारे जिवाणू

मुंबई हायचं तेल समुद्राखालच्या पाईपलाईनने उरणला येतं हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं, पण ते खाली तळ्यासारखं साचलेलं असतं असं अजूनही कितीतरी जण समजतात. तसं नाहीये. 1974 साली किनाऱ्यापासून साधारण 160 किमीवर जे सापडलं ते चुनखडीच्या दगडात भरलेलं तेल. पावसाळ्यात जांभ्याचा चिरा कसा पाणी पितो आणि वरून सुकला तरी आत ओल राहतेच, तसं, फक्त इथली भोकं डोळ्याला दिसणारही नाहीत एवढी बारीक.

सुरवातीला तेल स्वतःच्या दाबाने वर येतं, दाब उतरला की पाणी सोडून ढकलायचं, आणि एवढं करूनही जगातल्या बहुतेक साठ्यांत निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. का? तर थेंब भोकाच्या अरुंद तोंडाशी अडकतो. तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथल्या ताणामुळे त्याला लांबट होऊन निसटता येत नाही, आणि मागचं पाणी त्याला वळसा घालून दुसऱ्याच वाटेने निघून जातं.

इथे बॅसिलस सबटिलिस कामाला येतो, मातीत कुठेही सापडणारा जिवाणू. तो सर्फॅक्टिन नावाचं द्रव्य बनवतो, ते अगदी थोडं असलं तरी पाण्याचा पृष्ठताण 72 वरून 27 मिलीन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरतो. तेल-पाण्यामधला ताणही पडतो आणि थेंब सुटतो! काही जिवाणू आम्ल सोडून चुनखडी विरघळवतात, काही गॅस करतात, आणि काही चिकट पदार्थ बनवून पाण्याच्या मोकळ्या वाटाच बुजवतात, मग पाण्याला तेलाच्या वाटेने जावंच लागतं. मला हे शेवटचं सगळ्यात भारी वाटतं.

कल्पना 1926 ची, 1940 च्या दशकात क्लॉड झोबेल या सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. खरी अडचण खालच्या उष्णतेची. आपल्याकडे ओएनजीसी ही सरकारी तेल कंपनी आणि टेरी ही दिल्लीची ऊर्जा संशोधन संस्था यांनी मिळून 90 अंश सेल्सिअसला तग धरणारे जिवाणू शोधले, ते खाद्यासकट विहिरीत सोडायचे, विहीर काही आठवडे बंद ठेवायची आणि मग उघडायची.

समुद्रातल्या विहिरींत मात्र अजून एक भानगड असते. आत ढकललेल्या समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, ते वापरणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतात, विषारी गॅस, वर पाईपही खातो. त्यामुळे कुठलेही जिवाणू पोसायच्या आधी खाली कोण कोण राहतंय ते तपासावंच लागतं. या गॅसवर एक उपाय म्हणजे पाण्यात नायट्रेट घालणं, मग नायट्रेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि सल्फेटवाल्यांचं खाणं तेच संपवतात.