ऐंशी वेळा दांडा मारल्यावर

छोट्या पिस्टनवर थोडा जोर द्या, मोठ्या पिस्टनवर तो कित्येक पटीने घ्या, त्यावर जनरेटर फिरवा आणि फुकट वीज मिळवा, असे व्हिडिओ मोबाइलवर अधूनमधून येत असतात. त्यातला फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलचा नियम, म्हणजे बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा खरा आहे. फुकट वीज साफ खोटी आहे, आणि ते पटायला पंक्चरच्या दुकानातला, गाडी उचलायचा बॉटल जॅक पुरतो.

समजा, जॅकच्या पंपाचा दट्ट्या 10 मिलिमीटर व्यासाचा आहे आणि वर येणारा रॅम 40 मिलिमीटरचा. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. दांड्याची तरफ वीसपट धरू. हाताने 15 किलोचा जोर लावला, तर दट्ट्यावर 300 किलो पडतात. तेलाचा दाब होतो चौरस सेंटिमीटरला सुमारे 380 किलो. हाच दाब रॅमखाली पोहोचतो आणि 4,800 किलोचं ओझं उचलतो!

आता अंतर मोजा. हात 400 मिलिमीटर खाली येतो, दट्ट्या 20 आणि रॅम चढतो जेमतेम सव्वा मिलिमीटर. 15 गुणिले 400 म्हणजे 6,000. 4,800 गुणिले सव्वा म्हणजेही 6,000. जोर वाढला तेवढं अंतर घटलं; काम तेवढंच राहिलं, मग फुकट वीज कुठून येणार? गाडी 10 सेंटिमीटर उचलायची तर दांडा ऐंशी वेळा मारावा लागतो. घर्षण यात धरलेलंच नाही.

हे तत्त्व पास्कलच्या 1663 साली छापलेल्या ग्रंथात होतं. तरी लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं, म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचं, पेटंट घेतलं ते 1795 साली. अडचण गळतीची होती. रॅमभोवतीचं पॅकिंग सैल ठेवलं की पाणी गळायचं, घट्ट आवळलं की रॅम अडकून बसायचा. त्यावरचा तोडगा मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. त्याचं श्रेय ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. रॅमभोवती चामड्याचं दुमडलेलं कडं बसवायचं, दुमडीचं तोंड पाण्याकडे. पाणी दुमडीत शिरतं आणि तिचा एक ओठ रॅमवर, दुसरा सिलिंडरच्या भिंतीवर दाबून धरतं. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. दाब सोडला की ओठ सैल पडतात आणि रॅम अलगद खाली सरकतो. गळू पाहणारं पाणीच गळती थांबवतं!

आज चामड्याऐवजी रबर किंवा प्लॅस्टिक असतं, पण ओठाची युक्ती तीच आहे. जेसीबीच्या हाताचा चकचकीत दांडा जिथे सिलिंडरमध्ये शिरतो, तिथे आत असेच ओठ बसवलेले असतात.

उचललेली गाडी हळूहळू खाली बसत असेल, तर आधी तिला स्टँडचा टेकू द्या; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका. मग रॅम फडक्याने पुसून बघा. कडेला पुन्हा तेल पाझरलं, तर ओठ झिजलेत. कोरडाच राहिला, तर आतल्या झडपेच्या छर्‍याखाली बहुधा कचरा अडकलाय.