बोलण्याने नेमके काय बदलते?

समुपदेशकाकडे जाण्याचा विषय निघाला की बहुतेक घरांत एकच प्रश्न पुढे येतो: मनातले सांगायला बहीण आहे, मित्र आहेत, मग अनोळखी माणसापुढे पैसे मोजून बोलायचे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. ‘मन मोकळे केले की बरे वाटते’ एवढेच त्याचे उत्तर असते, तर समुपदेशनाची फारशी गरज उरली नसती. बोलल्याने हलके वाटते हे खरे. परंतु तेच दुःख त्याच शब्दांत रोज उगाळत राहिल्यास नैराश्य ओसरण्याऐवजी लांबते, असेही संशोधनात दिसून आले आहे. तेव्हा बोलण्यातला उपचार करणारा भाग कोणता, हे मानसशास्त्रज्ञ गेली अनेक दशके प्रयोगांच्या आधारे तपासत आले आहेत, आणि त्या तपासणीतला एक फार मोलाचा टप्पा आपल्या शेजारच्या गोव्यात पार पडला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोलण्यातून होणारा उपचार म्हणजे मनोविश्लेषण असेच समीकरण होते. बालपणीच्या आठवणी, स्वप्ने, दडपलेल्या इच्छा यांचा शोध वर्षानुवर्षे चाले. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी आणि पुढच्या दशकात फिलाडेल्फियामध्ये ॲरन बेक यांनी ही वाट सोडली. दोघेही मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतलेले होते आणि दोघांचेही निरीक्षण जवळपास सारखे होते: माणसाला त्रास देते ती केवळ घटना नव्हे, तर त्या घटनेचा त्याने क्षणार्धात लावलेला अर्थ. एलिस यांची पद्धत मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने ओळखली जाते आणि ती महाराष्ट्रात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे.

प्रत्यक्षात हे कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका कार्यालयातील कर्मचाऱ्याने आठवडाभर खपून अहवाल तयार केला. बैठकीत साहेबांनी त्या अहवालावर ओझरती नजर टाकली आणि पुढचा विषय घेतला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. मित्राने हे ऐकले असते तर तो ‘जाऊ दे रे, साहेब लोक असेच असतात’ असे म्हणाला असता, आणि त्यात त्याचे प्रेमच असते. समुपदेशक मात्र तिथेच थांबून विचारतो: साहेबांनी पान उलटले त्या क्षणी तुमच्या मनात कोणते वाक्य आले? बरेच चाचपडल्यावर ते वाक्य सापडते: ‘माझे काम टाकाऊ आहे, आणि ते आज सगळ्यांना कळले.’ मग पुढचे प्रश्न येतात. हे वाक्य खरे असल्याचा पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, साहेबांनी तसे वागण्यामागे आणखी कोणती कारणे असू शकतात, आणि समजा अहवाल खरोखरच सुमार होता, तर एका सुमार अहवालावरून संपूर्ण माणूस टाकाऊ ठरतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण या पद्धतीत खोटा दिलासा दिला जात नाही. साहेबांचे मत वाईट असण्याची शक्यता मान्य करूनही माणूस त्या मतासह जगू शकतो का, हे तपासले जाते. प्रत्येकाने आपल्याला वाखाणलेच पाहिजे, हा हट्ट सैल झाला की दुःख संपत नाही, पण ते सोसण्याजोगे होते.

भावना शब्दांत मांडल्याने मेंदूत काही घडते का, याचाही शोध घेतला गेला आहे. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना भीती किंवा राग व्यक्त करणारे चेहरे दाखवून त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. समोरच्या चेहऱ्यावरील भावनेचे नाव निवडताना, भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागातील हालचाल मंदावली आणि कपाळामागच्या नियंत्रक भागातील एक पट्टा अधिक सक्रिय झाला. प्रयोगशाळेतील चेहरे आणि घरातले भांडण यांत मोठे अंतर आहे, त्यामुळे समुपदेशनाचे सारे रहस्य इथे उलगडले असे म्हणता येणार नाही. तरी ‘काहीतरी होतंय’ याऐवजी ‘मला अपमान वाटला’ असे म्हणता येणे का उपयोगी पडते, याचा एक धागा त्यातून मिळतो.

विचार तपासणे हा या उपचाराचा अर्धाच भाग आहे. १९९६ साली नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १५० नैराश्यग्रस्तांवर केलेल्या अभ्यासाने अनेकांना चकित केले. बेक यांच्या उपचारपद्धतीचे त्यांनी घटक सुटे केले. काहींना संपूर्ण उपचार दिला, तर काहींना त्यातील फक्त वर्तनाचा भाग दिला, म्हणजे दिवसाची आखणी करणे, टाळलेली कामे पुन्हा हाती घेणे, ज्यातून समाधान मिळत होते अशा गोष्टी थोड्या थोड्या सुरू करणे. दोन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच निघाली.

यामागचे कारण नैराश्याच्या स्वभावातच आहे. मन खिन्न झाले की माणूस लोकांना भेटणे टाळतो, चालायला जाणे सोडतो, फोन उचलत नाही. त्यामुळे त्या घडीला सुटल्यासारखे वाटते, आणि नेमकी ही सुटकाच टाळण्याची सवय पक्की करते. पण जे टाळले जाते त्यातच आनंदाचे आणि कौतुकाचे प्रसंगही असतात. तेही बंद होतात आणि खिन्नता वाढते. ‘मन लागेल तेव्हा करीन’ असे म्हणणाऱ्याचे मन लागण्याची वेळच येत नाही. म्हणून या उपचारात क्रम उलटा धरतात: आधी कृती, तीही अगदी लहान, आणि मन मागाहून.

गोव्यातील कामाचे महत्त्व इथे लक्षात येते. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या स्वयंसेवी संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा प्रश्न व्यावहारिक होता. आपल्या देशात प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मोजके, तेही शहरांत एकवटलेले. मग गावातल्या नैराश्यग्रस्ताशी बोलायचे कोणी? त्यांनी या वर्तनाधारित पद्धतीवर एक छोटा उपचारक्रम बेतला आणि तो देण्यासाठी त्याच भागातील, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या सर्वसामान्य स्त्री-पुरुषांना तयार केले. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. समुपदेशकांच्या कामावर देखरेख ठेवण्याची त्यांची रीत मला विशेष मोलाची वाटते: संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या भेटी समुपदेशक एकत्र बसून ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांच्या कामाला गुण देत. माणसे साधी असली तरी काम मोघम राहू नये, याची ही काळजी होती.

निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मध्यमाहून अधिक ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ व्यक्ती दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागल्या होत्या. एका गटाला आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचे सुधारित नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्या गटाला त्यासोबत हा संवादाचा उपचारही मिळाला. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३९ टक्के लोकांचे नैराश्य ठरावीक मर्यादेखाली आले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ६४ टक्के होते. वर्षभरानंतरच्या पाहणीतही दुसरा गट पुढेच होता. हे आकडे नीट वाचले पाहिजेत. नुसत्या नेहमीच्या उपचारानेही बऱ्याच जणांना बरे वाटले, आणि संवादाची जोड मिळूनही तिघांपैकी एकाहून अधिक व्यक्तींना पुरेसा आराम पडला नाही. तरीही काही तासांच्या आखीव संभाषणाने एवढा फरक पडावा आणि तो दहावी-बारावी शिकलेल्या गावच्याच माणसाला साधता यावा, ही गोष्ट आपल्यासारख्या देशासाठी फार मोठी आहे.

या सगळ्यात समोरचे माणूस कोण आहे, याला महत्त्व नाही का? आहे, आणि भरपूर आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचारातील नात्याचे तीन भाग सांगितले: परस्परांवरचा विश्वास, कुठे पोहोचायचे याविषयीचे एकमत आणि त्यासाठी काय करायचे याविषयीचे एकमत. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांत, पद्धत कोणतीही असली तरी हे नाते जितके घट्ट तितका गुण अधिक, असा संबंध दिसत आला आहे. केवळ गोड बोलणारा समुपदेशक विश्वास मिळवील, पण बाकीचे दोन भाग कच्चे राहिले तर भेटी नुसत्या गप्पांत जातील. म्हणून तीन-चार भेटींनंतरही आपण कशावर काम करत आहोत हे सांगता येत नसेल, तर ते समुपदेशकाला सरळ विचारावे. चांगल्या समुपदेशकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही. आणि सूर जुळलाच नाही, तर दुसऱ्याकडे जाण्यात कसलाही अपमान नाही.

सांगितलेले गुप्त ठेवणे ही या नात्याची अट आहे. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशकाला ती मोडावी लागते आणि तसे त्याने पहिल्याच भेटीत सांगायला हवे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या गंभीर मानसिक आजारांत औषधांना पर्याय नाही. तिथे संवादाचा उपचार सोबतीने चालतो. तीव्र नैराश्यातही पुष्कळदा दोन्हींची गरज पडते, आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार वैद्यकीय पदवी असलेल्या डॉक्टरांनाच असतो. जीव नकोसा वाटत असेल किंवा घरातील कोणी तसे बोलून दाखवत असेल, तर पुढच्या आठवड्याची वेळ मिळण्याची वाट पाहू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या फोनवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.