कूस बदलताच येणारी चक्कर आणि परिषदेत कुणाला न पटलेला उपाय

पहाटे कूस बदलावी आणि छत गरगर फिरायला लागावं. पंखा, खिडकी, भिंत सगळं एका बाजूला पळतं, पोटात ढवळतं, पलंगाची कड घट्ट धरून ठेवावी लागते. अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं. पुन्हा त्याच कुशीवर वळलं की पुन्हा तेच. आपल्याकडे याचं खापर कधी पित्तावर, कधी बीपीवर, तर बरेचदा मानेच्या मणक्यांवर फुटतं. मग गळ्यात पट्टा घालून माणूस महिनोन्‌महिने चक्करच्या गोळ्या घेत राहतो.

या चक्करचं मूळ मात्र बहुतेक वेळा आतल्या कानात असतं. तिथे ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोल सांभाळणारी रचना आहे: तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन चिमुकल्या पिशव्या. या पिशव्यांमधल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्या भारामुळे डोकं कुठल्या बाजूला कललं आहे ते मेंदूला कळतं. त्यातले काही सुटून नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, शिरले की पंचाईत होते. डोकं हलवलं की ते घरंगळतात, नलिकेतला द्रव त्यांच्याबरोबर सरकतो, आणि डोकं गरागरा फिरतंय अशी खोटी खबर मेंदूला जाते. स्फटिक तळाशी जाऊन बसले की खबर थांबते आणि चक्करही थांबते.

आज चार ओळींत सांगता येणारी ही गोष्ट वैद्यकाच्या गळी उतरायला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्यातले कितीतरी महत्त्वाचे प्रसंग परिषदांच्या सभागृहांत घडले, आणि प्रत्येक वेळी श्रोते उठून टाळ्या वाजवत नव्हते.

८ जानेवारी १८६१ रोजी पॅरिसच्या वैद्यक अकादमीसमोर प्रॉस्पर मेनिएर यांनी एक निबंध वाचला. ते मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर होते. चक्कर, कानात आवाज आणि बहिरेपण एकत्र आलेले रुग्ण त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले होते. त्या काळी असा झटका आला की मेंदूत रक्त साचलं असं समजून रुग्णाचं रक्त काढत. मेनिएर म्हणाले, दोष मेंदूत नाही, आतल्या कानात आहे. त्यांच्या म्हणण्याला फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्लुरांस यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांचा आधारही होता: अर्धवर्तुळाकार नलिका कापली की कबुतराचं डोकं त्या नलिकेच्या दिशेत हेलकावे खाऊ लागे. अकादमीने फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्याच वर्षी मेनिएर वारले. कूस बदलताच येणाऱ्या चक्करहून वेगळ्या असलेल्या त्या आजाराला त्यांचं नाव मिळालं ते नंतर.

व्हिएन्नात रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धूत असत. पाणी गार असलं की रुग्णाला चक्कर येते आणि डोळे एका दिशेला झटके देतात, गरम असलं की दिशा उलटते, हे त्यांनी नेमकं हेरलं. त्यातून आतल्या कानाची तपासणी करण्याची पद्धत उभी राहिली. या कामासाठी १९१४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा बारानी रशियनांच्या कैदेत होते. सुटका झाल्यावर ते स्वीडनमधल्या उप्सालाला गेले. कुशीवर वळताच येणाऱ्या चक्करचं नेमकं वर्णन त्यांनीच १९२१ मध्ये केलं. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये त्यासाठीची चाचणी पक्की केली. रुग्णाला बसवून डोकं एका बाजूला वळवायचं, झटकन मागे आडवं करायचं आणि डोळे पाहायचे. आजार असेल तर काही क्षणांनी डोळे ठरावीक दिशेने फिरल्यासारखे उडू लागतात. या चाचणीला आजही ना यंत्र लागतं ना रक्त काढावं लागतं.

निदान सापडलं, पण उपाय नव्हता. त्रास फारच वाढला तर संबंधित मज्जातंतू कापण्याची नाजूक शस्त्रक्रिया १९७० च्या दशकात होऊ लागली होती. अशा वेळी अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एप्ली म्हणू लागले की स्फटिक नलिकेत मोकळे तरंगत असतील, तर डोकं ठरावीक क्रमाने वळवून त्यांना नुसत्या गुरुत्वाकर्षणाने बाहेर काढता येईल. वाकड्या नळीत अडकलेला मणी नळी फिरवत फिरवत बाहेर काढावा, तसं. १९८० मध्ये त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या परिषदेत हे मांडलं. श्रोत्यांना ते पटलं नाही. मान वळवून चक्कर घालवणं त्यांना भोंदूगिरीसारखं वाटलं. एप्लींचे निबंध नियतकालिकांतून परत येत राहिले. सविस्तर निबंध छापून आला तो १९९२ मध्ये. त्याच वर्षी कॅनडातल्या पार्न्स आणि मॅक्लुअर यांनी शस्त्रक्रियेत उघडलेल्या नलिकेत तरंगणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली.

त्या श्रोत्यांना सरसकट दोष देणं मला योग्य वाटत नाही. ही चक्कर पुष्कळांची काही आठवड्यांत आपोआप जाते. म्हणजे कुणी काहीही उपाय केला तरी तो यशस्वी दिसणारच. शंका घेणं बरोबर होतं. शंका घेऊन तिथेच थांबणं चुकीचं होतं, कारण ही गोष्ट तपासणं अवघड नव्हतं: निम्म्या रुग्णांना खरी क्रिया द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. अशा चाचण्या पुढे झाल्या. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात त्यांची बेरीज मांडली आहे. खोट्या क्रियेने किंवा उपचारांशिवाय चक्कर पूर्ण गेलेले सुमारे २१ टक्के, एप्लींच्या क्रियेने सुमारे ५६ टक्के. मधल्या वर्षांत पलंगाची कड धरून बसलेल्या माणसांचा विचार आला की मला ही दिरंगाई फार लागते.

आताच्या परिषदांचं एक काम बाहेरच्यांना रटाळ वाटेल, मला मात्र ते मोलाचं वाटतं: व्याख्या ठरवणं. बारानींच्या स्मरणार्थ १९६० मध्ये स्थापन झालेली बारानी सोसायटी चक्करच्या आजारांचे निकष आंतरराष्ट्रीय समित्या नेमून ठरवते. मेनिएरच्या आजाराचे २०१५ चे निकष तर जपान, कोरिया, युरोप आणि अमेरिकेतल्या संघटनांसोबत बसून ठरले. हे निकष वाचताना लक्षात येतं की सगळा भर एका साध्या प्रश्नावर आहे: चक्कर किती वेळ टिकली? स्फटिकांची चक्कर साधारण एका मिनिटाच्या आत संपते. मेनिएरची २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकते आणि एका कानाचं ऐकणं कमी होतं. अर्धशिशीशी जोडलेली चक्कर ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘चक्कर येते’ एवढंच न सांगता किती वेळ राहते आणि काय केल्यावर येते हे जरूर सांगावं. बोलणं अडखळणं, एक दिसण्याऐवजी दोन दिसणं, हातपाय लुळे पडणं किंवा चालताच न येणं यांपैकी काही चक्करसोबत असेल, तर मात्र कानाचा विचार बाजूला ठेवून थेट मोठं रुग्णालय गाठावं. तो पक्षाघात असू शकतो.

स्फटिक मुळात सुटतात का, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. डोक्याला मार लागणं आणि वाढतं वय ही कारणं माहीत आहेत. ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष वळलं आहे. कोरियातल्या ९५७ रुग्णांच्या अभ्यासात रक्तातलं ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते कॅल्शियमसोबत वर्षभर दिलं गेलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले: ज्यांची पातळी तपासलीच नव्हती, त्यांच्या तुलनेत चक्कर उलटण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी झालं. आपल्या शहरांत या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. ती भरून काढली तर इथेही एवढाच फरक पडेल का, हे इथल्या रुग्णांवर तपासायला हवं.