प्रोबेशन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे

नागपुरात कोर्टकचेऱ्या करणाऱ्या घरांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय : प्रोबेशन, म्हणजे तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडणं, मिळालं की नावावर काहीच राहत नाही, आणि घरी चौकशीला येणारा अधिकारी पोलिसांचाच माणूस, त्याला काही सांगू नका. दोन्ही चूक. दुसरी तर घातक.

१९५८च्या परिविक्षा (म्हणजेच प्रोबेशन) कायद्याखाली प्रोबेशन मिळतं ते दोष सिद्ध झाल्यावरच. कलम १२मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता टळते, दोषसिद्धी पुसली जात नाही.

घरी चौकशीला येतो तो परिविक्षा अधिकारी, आणि महाराष्ट्रात तो महिला व बालविकास विभागाखाली काम करतो. तो घरची स्थिती, कामधंदा, स्वभाव, संगत विचारतो, कारण सोडायचं की नाही हे ठरवताना न्यायालय त्याचा अहवाल बघतं. कलम ७नुसार तो अहवाल गोपनीय असतो. त्यातला मथितार्थ न्यायालय आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर पुरावा द्यायची संधीही देऊ शकतं. अशा वेळी आईबापांनी गप्प बसणं म्हणजे पोराच्या बाजूचं बोलणंच बंद करणं. कृपा करून तसं करू नका.

पॅरोल वेगळा. ती तुरुंगातून मिळणारी तात्पुरती सुटी, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मिळते, वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातल्यासारख्या. पॅरोलवरून फरार झालेल्यांचे आकडे प्रोबेशनवरच्या मुलाला लावू नका.